बावीस टी-शर्टांची वाकळ

सॉफ्टवेअरमधल्या माणसाचं कपाट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुरातत्त्व खात्यातले लोक जसे थरामागून थर उकरत खाली जातात, तसं ते उकरत गेलं की त्या माणसाचा अख्खा सीव्ही हाती लागतो. सगळ्यात वर चालू कंपनीचा पोलो टी-शर्ट, छातीवर लोगो आणि पाठीवर एखादं उत्साही इंग्रजी क्रियापद. त्याखाली आधीच्या कंपनीचे. मग 'गो-लाईव्ह'चे, टीम आउटिंगचे, क्लाउड विकणाऱ्यांच्या कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेले, कुठल्याशा हाफ मॅरेथॉनचा (पळालो नव्हतो, पाणी वाटत होतो). आणि अगदी तळाशी कॉलेजच्या फेस्टचा, ज्यात आता जेमतेम एक हात जातो.

माझ्याकडे असे बावीस निघाले. मोजले. त्यातले सहा तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेले नव्हते. एक अशा प्रॉडक्टचा आहे जे कधी बाजारात आलंच नाही. आठ महिने चाळीस माणसं त्याच्यावर राबली, टी-शर्ट छापून आले, वाटले गेले, ग्रुप फोटो झाला, आणि पुढच्या सोमवारी प्रोजेक्ट बंद झाल्याचं पत्र आलं. आता त्या प्रॉडक्टची या जगात उरलेली खूण म्हणजे ते चाळीस टी-शर्ट. कोड कुठे गेला देव जाणे.

आमच्या क्षेत्रातला टी-शर्ट म्हणजे बायकांच्या ओटीतला ब्लाऊजपीस. ज्यांना ब्लाऊजपीसचं अर्थशास्त्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, कुठेही गेलं की ओटीत एक ब्लाऊजपीस पडतो. तो शिवायचा नसतो. तो घडीसकट कपाटात जातो आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडतो. वर्षानुवर्षं तालुकाभर फिरून तोच ब्लाऊजपीस मूळ मालकिणीकडे परत आल्याची उदाहरणं आमच्या घरात आहेत. कंपनीच्या टी-शर्टात आणि त्याच्यात फरक एवढाच की आपण तो पुढे सरकवत नाही, अंगात घालतो. म्हणजे कापड आपण निवडलेलं नाही, रंग आपण ठरवलेला नाही, छापलेलं वाक्य आपण शुद्धीवर असताना कधी उच्चारणार नाही, आणि तरी ते छातीवर घेऊन आपण आठवड्यातले चार दिवस फिरतो. वर रविवारच्या पुरवणीत 'तुमचे कपडे हीच तुमची ओळख' असा लेख वाचतो.

ही ओळखीची भानगड माझ्या डोक्यात मागच्या थंडीत शिरली. निमित्त पांघरुणाचं. घरातलं मिंक ब्लँकेट (वाघाचं चित्र असलेलं, हो, तेच) आता नको झालं होतं. म्हटलं जरा आपल्या आवडीचं, आपल्या मातीतलं काहीतरी घेऊ. 'गोधडी' असं शोधलं तर ढीगभर दुकानं निघाली. सुंदर फोटो. खाली लिहिलेलं: हस्तनिर्मित, पारंपरिक, प्रत्येक नग एकमेव. आणि त्याच्या खाली ड्रॉपडाऊन: साईज सिंगल, क्वीन, किंग, रंग बेज, राखी, फिका निळा. आता मला सांगा, प्रत्येक नग एकमेव असेल तर त्याला ड्रॉपडाऊन कसा काय लागतो? बचत गटातल्या बायकांना त्यातून काम मिळत असेल तर चांगलंच आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण ती बेज रंगाची गोधडी बघून मला एवढंच कळत होतं की कुण्या डिझायनरने ठरवलेले रंग कुण्या बाईने शिवलेत. ती बाई कोण, तिच्या घरी कोणते कपडे जुने झाले, यातलं त्या गोधडीत काहीही नव्हतं. आमच्या घरची गोधडी मी बघितलेली असल्यामुळे मला हा फरक फारच जाणवला.

आमच्या घरी तिला गोधडी म्हणत नाहीत. वाकळ म्हणतात. आईचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, आणि तिकडे अंथरायला वाकळ, पांघरायला वाकळ. कृती सोपी. दोन-तीन जुनी लुगडी धुऊन, वाळवून, घड्या घालून आत भरायची. वरून त्यातल्या त्यात धड असलेलं एक लुगडं, जिथे फाटलं असेल तिथे ठिगळ. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, त्यामुळे आत भरायला माल भरपूर. मग जमिनीवर पसरून, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवून, कडेकडेने धावदोरा घालत गोल फिरत आत यायचं. बोटभर अंतर सोडून पुढची फेरी. बस्स. ना फ्रेम, ना मशीन, ना कागदावर नक्षी. धुवायची म्हणजे मात्र नदीवर न्यायची, कारण पाणी प्यायलेली वाकळ एका माणसाला पिळता येत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहून उलट्या दिशांना पीळ देतात.

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने जोडायची ही युक्ती देशभर आहे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध आणि कच्छकडे रल्ली, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी नागडी दिसते म्हणे. त्या फुलांनी ऊब वाढत नाही, फायदा काही नाही, पण त्यांच्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजत नाहीत. मला हे फार आवडलं.

आजीच्या वाकळेला फुलं नव्हती, पण खिसा होता. आजोबा एसटीत ड्रायव्हर. (पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. आजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागले, पण सांगताना असं सांगायचे की ती गाडी जणू त्यांनीच नेली.) त्यांचा खाकी शर्ट विरला तेव्हा आजीने त्याची पाठ एका वाकळेत लावली, आणि पुढचा भाग लावताना खिसा उसवलाच नाही. तसाच ठेवला, बटणासकट. बरोब्बर डोक्याच्या बाजूला येईल असा. त्यात ती तंबाखूची डबी ठेवायची. आम्ही नातवंडं सुट्टीत गेलो की डबी बाहेर आणि शेंगदाणे आत. बाकी वाकळेत तिचं हिरवं लुगडं, मावशीच्या शाळेच्या परकराची निळी पट्टी, आणि एका कडेला साखरेच्या पोत्याचं पांढरं कापड, ज्यावरचे छापील आकडे शंभर धुण्यांनंतरही दिसतात. 'रंगसंगती' हा शब्द तिने आयुष्यात उच्चारला नसेल. पण त्या खाकीशेजारी हिरवं तिने लावलं, निळं नाही लावलं. आणि टाके बघितले की तिचा हात ओळखू येतो: गव्हाच्या दाण्याएवढा टाका, जरासा डावीकडे कललेला.

म्हणून एकदा अमेरिकेतल्या क्लायंटची कॉलवर वाट बघत असताना जीज बेंडच्या गोधड्यांचे फोटो समोर आले, तेव्हा मी कॉल विसरलो. अलाबामा राज्यात अलाबामा नदीने एक मोठं वळण घेतलंय, त्या वळणाच्या आत हे गाव. तीन बाजूंना पाणी. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तिथे राहतात, आणि मळ्याच्या एका मालकाचं पेटवे हे आडनाव अजून गावात कित्येकांना आहे. १९६० च्या दशकात तिथले काळे लोक मतदारयादीत नाव नोंदवायला नदीपलीकडे जाऊ लागले, आणि त्याच सुमारास, १९६२ मध्ये, नदीवरची फेरी बंद पडली. ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. अशा गावातल्या बायका घरात भिंतीच्या फटींतून येणारा वारा अडवायला गोधड्या शिवायच्या. कापड म्हणजे शेतावर घालून विटलेल्या जीन्स, ओव्हरऑल, पिठाची पोती. गुडघ्याजवळचं कापड विरून फिकट झालेलं, आणि खिसा उसवला तिथे मूळचा गडद निळा चौकोन उरलेला. तो चौकोन तसाच गोधडीत. खिशाची सावली!

२००२ मध्ये या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. पुढे पैसा कुणाचा, हक्क कुणाचे यावरून काही जणी २००७ मध्ये कोर्टातही गेल्या, २००८ मध्ये ते मिटलं. म्हणजे भिंतीवर गेली तरी गोधडीची भांडणं सुटली नाहीत.

माझ्या मनात मात्र त्यातल्या दोनच गोष्टी राहिल्या. एक म्हणजे तिथे काही गोधड्यांना 'माय वे' म्हणतात. ठरलेला नमुना सोडून बाई आपल्या मर्जीने शिवत गेली की ती 'माय वे'. आणि दुसरी, मिझूरी पेटवे नावाच्या बाईची. १९४२ मध्ये तिचा नवरा वारला. तिने मुलीला हाताशी घेतलं, त्याचे कामाचे कपडे फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेऊन झोपता यावं, म्हणून. मुलीने म्हातारपणी हे सांगून ठेवलंय. ते वाचताना मला आजीचा खाकी खिसा आठवला नसता तरच नवल.

कापड काय मिळणार हे त्या बायकांच्या हातात नव्हतंच. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीने तिथल्या बायकांच्या सहकारी गटाला कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायचं काम दिलं, तर पुढची काही वर्षं गावातल्या गोधड्यांमध्ये कॉर्डरॉयच कॉर्डरॉय. कारण कात्रण तेच उरायचं. पुरवणीतला लेख म्हणतो की हजार गोष्टींतून तुम्ही जे निवडता ते तुम्ही. इथे निवडायला काही नाही, आहे ते हे आहे. आणि त्यातून एकीची गोधडी दुसरीसारखी नाही. तेव्हाच माझी नजर बावीस टी-शर्टांकडे गेली. ते तरी मी कुठे निवडले होते?

मग अर्थातच आधी एक्सेल शीट केली. साडेसात फूट बाय पाच फूट, म्हणजे ९० बाय ६० इंच. एका टी-शर्टमधून १५ इंचाचा चौकोन आरामात निघतो, म्हणजे चार बाय सहा, चोवीस चौकोन. एकेक इंचावर फेऱ्या घातल्या तर एकूण शिवण सुमारे ५४०० इंच, म्हणजे १३७ मीटर. इंचाला चार टाके धरले तर साडेएकवीस हजारांच्या वर टाके. तासाला ९० इंच या वेगाने साठ तास. शनिवार-रविवार मिळून चार तास दिले तर पंधरा वीकएंड. एवढ्या स्पष्ट एस्टिमेटचं काम मला ऑफिसात आजवर कधी मिळालेलं नाही.

तांत्रिक सल्लागार म्हणून गावाकडच्या थोरल्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिने टी-शर्ट कॅमेऱ्यासमोर ताणून दाखवायला लावला आणि एका मिनिटात डिझाईन रिव्ह्यू संपवला.

"आरं, ताणाचं कापाड हाय ह्ये. नुसतं शिवलंस तर धुतल्यावर झोळ पडंल. खाली जुनी सुती साडी घे, तिच्यावर कच्चं टाचून घे आधी, मग चौकोन काप."

"आणि सुरुवात मधून करू ना? यूट्यूबवर मधून करतात."

"मधनं कशाला? कडंनं धर. गोल गोल आत ये. सुरकुती म्होरं ढकलत न्यायची, मध्यात जिरती."

परदेशी गोधडीवाल्या मधून बाहेर जातात, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. मावशी बाहेरून आत. दोन्हीला आपापलं लॉजिक आहे. मी मावशीचं ऐकलं, कारण यूट्यूब दिवाळीत घरी येऊन वाकळ उलटी करून बघत नाही.

तिचं टाचून घ्यायचं म्हणणं अगदी खरं. टी-शर्टचं कापड विणीचं, लुगड्यासारखं ताण्याबाण्याचं नाही. कात्री लागली की कड गुंडाळते, ओढलं की लांबते. सुती अस्तरावर टाचलं की गप्प बसतं. लोगोचा रबरासारखा छाप मात्र सुईला दाद देत नाही. त्याच्यावरून फेरी जात असेल तर अंगठ्याला चामड्याचा तुकडा गुंडाळावा लागतो, किंवा लोगोला वळसा घालून जावं लागतं. मी बहुतेक ठिकाणी वळसा घातला. त्यामुळे फेऱ्या सरळ जाता जाता मध्येच लोगोभोवती फुगतात, नदीत दगडाभोवती पाणी वळावं तशा.

चौकोन कापायला लागलो आणि मजा यायला लागली. छातीवरचं वाक्य पंधरा इंचात पूर्ण मावेल असं नसतं. 'इनोव्हेट' मधलं 'नो' तेवढं एका चौकोनात उरलं. ते ठेवलं. एका टीमच्या टी-शर्टवर पाठीमागे सगळ्यांची नावं होती, त्यातली तीन उरली. तिघांपैकी एक जण आता कॅनडात, एक आंब्याची बाग करतो, आणि एकाचा नंबर बदललाय. बंद पडलेल्या प्रॉडक्टचा टी-शर्ट पिवळाजर्द होता, तो कडेला ठेवावा असं नियमाने वाटत होतं, पण मी तो मधल्या चारांत घेतला. आणि उलटा लावला. का ते विचारू नका. दहा वेळा जमिनीवर मांडामांड केली आणि तोच उलटा बरा वाटला.

फक्त हिशेबात चौकोन चोवीस आणि टी-शर्ट बावीस. दोन कमी. मला वाटलं, इथे आजीच्या लुगड्याचे दोन तुकडे यावेत. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. तिची चार लुगडी आईच्या ट्रंकेत आहेत, डांबरगोळ्या घालून ठेवलेली.

आई नाही म्हणाली. मी गळ घातली, तर म्हणाली, "कात्री लावायची नाही. आणि तुला हे काय सुचलंय तेही मला कळत नाही."

मी तिला जीज बेंडचे फोटो दाखवले. जपानचे बोरो दाखवले. बोरो म्हणजे शब्दशः चिंध्या. जपानच्या उत्तरेला आओमोरी भागात थंडीमुळे कापूस होत नसे. दक्षिणेकडून आलेले जुने सुती तुकडे लोक तागासारख्या जाड कापडावर पिढ्यान् पिढ्या शिवत गेले. तानाका चुझाबुरो नावाच्या माणसाने गावोगाव फिरून ते गोळा केले, तर देणाऱ्यांनाच लाज वाटायची की आमचं दारिद्र्य काय बघायचं. २००९ मध्ये टोकियोतल्या आसाकुसा भागात त्या संग्रहाचं म्युझियम उघडलं, ते २०१९ पर्यंत चाललं. आज ठिगळं लावलेली नवी जॅकेटं महागड्या दुकानांत टांगलेली असतात. हे सगळं मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लाज वाटायची म्हणालास ना, तेवढं मला कळलं."

आई १९७८ मध्ये डी.एड.ला साताऱ्याला होस्टेलवर गेली. वळकटीत वाकळ. खोलीतल्या बाकी तिघींच्या अंगावर सोलापुरी चादरी, फुलाफुलांच्या. ही रात्री दिवा गेल्यावर वळकटी सोडायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गुंडाळून ठेवायची. दोन वर्षं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिने साडी नाही घेतली, दोन सोलापुरी चादरी घेतल्या, एक स्वतःला, एक आजीला. आजीने तिची चादर पाहुण्यांसाठी ट्रंकेत ठेवून दिली आणि ती वाकळेवरच झोपत राहिली. त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"तुला हौस आहे म्हणून तुला ती छान दिसते," आई म्हणाली. "आम्हाला दुसरं नव्हतं म्हणून ती होती. तुझ्या त्या अमेरिकेतल्या बायकांना विचारलं का कुणी, शिवायला आवडायचं का म्हणून?"

विचारलंय की. लोरेटा पेटवे, जिच्या गोधड्या सगळ्यात नावाजल्या त्यांतली एक, तिने सांगून ठेवलंय की तिला शिवण कधी आवडलीच नाही. घरात पोरं गारठत होती म्हणून शिवावं लागलं. हे मी आईला सांगितलं. तिने "बघ" एवढंच म्हटलं आणि कणीक मळायला गेली.

त्या 'बघ'वर मी बरेच दिवस विचार करत होतो. सोलापुरी चादर यंत्रमागावरची. हजारो घरांत तीच फुलं, तोच मरून रंग. एकमेव बिकमेव काही नाही. पण आईच्या आयुष्यात 'मी कोण' हे सांगणारी पहिली वस्तू ती चादर होती. चारचौघींसारखी, म्हणूनच. माझ्या अंगावर चारचौघांसारखंच आलं, फुकट आणि ढिगाने, म्हणून मला कुणासारखी नाही अशी वाकळ हवी. म्हणजे हाताने केलेलं ते खरं आणि विकत आणलेलं ते खोटं, अशी जी वाटणी पुरवण्या करतात ती आमच्या घरात तरी टिकत नाही. आजीने खिसा ठेवायचं ठरवलं, आईने वाकळ अंगावरून काढायचं ठरवलं. दोघींनी ठरवलं हे महत्त्वाचं. माझ्या पोलो टी-शर्टचं मात्र कुणीतरी ॲडमिनमध्ये बसून ठरवलं होतं.

लुगडी ट्रंकेतच आहेत. पण तिसऱ्या दिवशी डायनिंग टेबलवर दोन ब्लाऊजपीस येऊन पडले. एक राणी रंगाचा आणि एक रामा. "हे घे. असेच पडलेत. कुणाच्या ओटीत घालावेत असेही नाहीत." खरंच नाहीत, राणी रंग तर असा आहे की रात्री दिवा लावायची गरज नाही. राखाडी, काळ्या, नेव्ही ब्लू टी-शर्टांमध्ये ते दोन चौकोन शेजारीशेजारी लावले. आता खोलीत शिरणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा तिकडेच जातं. एका पोलोला खिसा होता. तो मी उसवला नाही. डोक्याच्या बाजूला घेतलाय. चष्मा मावतो.

अकरा वीकएंड झाले. माझा टाका सुरुवातीला शेंगदाण्याएवढा होता, आता तुरीच्या दाण्यावर आलाय. इंचाला चारचं एस्टिमेट अजून गाठलेलं नाही, पण तासाला ९० इंच मात्र आरामात होतात, त्यामुळे शेड्यूल सांभाळून आहे. एका रविवारी नेमका प्रॉडक्शनमधून फोन आला आणि मी सुई तशीच टोचून लॅपटॉपपाशी गेलो. दीड तासाने आलो तर एक कोपरा आणि त्यापुढची हातभर फेरी झालेली होती. गव्हाच्या दाण्याएवढे टाके, सरळ रेषेत, अस्तरापर्यंत पोचलेले. डावीकडे कललेले नाहीत, तेवढाच आजीच्यात आणि हिच्यात फरक. मी काही बोललो नाही, तीही काही बोलली नाही. वाकळ उलटी केली की मागच्या बाजूने ती हातभर फेरी लगेच ओळखू येते. नंतर असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा मी खरंच कॉलवर होतो, मुद्दाम उठून गेलो नव्हतो. तिसऱ्यांदा गेलो होतो, ते तिला कळलं असावं, कारण त्या दिवशी एकही टाका पडला नाही.

प्रश्न उरलाय धुण्याचा. कच्च्या टाचणीचा दोरा काढून पहिलं धुणं झालं की कापड आक्रसतं, फेऱ्यांमधला भाग फुगतो आणि मगच ती वाकळेसारखी दिसायला लागते, असं मावशीचं म्हणणं. आमचं मशीन साडेसहा किलोचं. कोरडी वाकळच चार किलोच्या आसपास भरली, बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी मी एकटा आणि मग तिला घेऊन उभा राहून मोजली. मावशी म्हणते, गावाला घेऊन ये, नदीवर धुऊ. पण नदीचं पाणी हल्ली कसं असतं ते तिलाही माहीत आहे.

काल आईला विचारलं. ती म्हणाली, "मशीनमध्ये घालू नकोस, मोडशील. गच्चीवर धुऊ. पिळताना तुला एकट्याला नाही जमणार, मला हाक मार."

सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीच्या किल्लीसाठी मेसेज टाकलाय. अजून उत्तर नाही.